ट्रेस घटनांचे प्रक्रियण

ट्रेस घटनांचे प्रक्रियण म्हणजे संगणकाची संचालन प्रणाली चालू असताना तिच्यात घडलेल्या बारीकसारीक घटनांच्या कच्च्या नोंदी वाचून, कालक्रमाने लावून आणि एकमेकींशी जोडून त्यांतून प्रणालीच्या कार्यक्षमतेविषयी अर्थपूर्ण माहिती काढण्याची क्रिया होय. प्रोसेसरवर एका थ्रेडच्या जागी दुसरा थ्रेड येणे, डिस्कवरील वाचन सुरू होणे वा संपणे, इंटरप्ट येणे, नवी प्रोसेस जन्माला येणे, फाइल स्मृतीत चढवली जाणे या सर्व ट्रेस घटना आहेत. विंडोजमधील इव्हेंट ट्रेसिंग फॉर विंडोज अर्थात ईटीडब्ल्यू, लिनक्समधील एफट्रेस, पर्फ व एलटीटीएनजी, सोलारिसमध्ये जन्मलेले डीट्रेस आणि अँड्रॉइडवर वापरले जाणारे परफेटो ही या क्षेत्रातील प्रमुख साधने आहेत.

एकटी ट्रेस घटना फारच थोडे सांगते. ‘अमुक क्षणी, अमुक कोरवर, अमुक थ्रेड बाजूला झाला आणि तमुक थ्रेड आला’ एवढीच तिची बातमी असते. तो थ्रेड किती वेळ चालला, कशासाठी थांबला, त्याला कोणी जागे केले, ही उत्तरे कोणत्याही एका नोंदीत लिहिलेली नसतात. ती प्रक्रियणाने निर्माण होतात. म्हणूनच नोंदी अचूक असूनही प्रक्रियण सदोष असेल तर निष्कर्ष चुकतो, आणि तो चुकल्याचे आलेखाकडे पाहून सहसा कळत नाही.

पार्श्वभूमी

कार्यक्षमता मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या, म्हणजे नमुना पद्धतीत, ठरावीक कालांतराने प्रत्येक कोरला थांबवून तो त्या क्षणी कोणती आज्ञा पार पाडत आहे याची नोंद घेतली जाते. विंडोजमध्ये हे अंतर सामान्यतः १ मिलिसेकंद असते, म्हणजे प्रत्येक कोरमागे दर सेकंदाला सुमारे १,००० नमुने मिळतात. दुसऱ्या, म्हणजे ट्रेस पद्धतीत, घड्याळाकडे न पाहता घटना घडली की नोंद केली जाते.

नमुना पद्धत स्वस्त आहे आणि प्रोसेसर कशात गुंतला आहे हे ती उत्तम सांगते. मात्र जो प्रोग्राम काहीच करत नाही, केवळ वाट पाहत आहे, तो तिला दिसत नाही. आजच्या संगणकावर वापरकर्त्याला जाणवणारा संथपणा पुष्कळदा अशा वाट पाहण्यातूनच येतो. डिस्क, जाळे, कुलूप किंवा दुसरी एखादी प्रोसेस यांपैकी कोणासाठी तरी थ्रेड थांबलेला असतो आणि प्रोसेसर मोकळाच असतो. हे थांबणे पकडण्यासाठी ट्रेस घटना लागतात.

इतिहास

विंडोज २००० मध्ये ईटीडब्ल्यूचा प्रवेश झाला. लिनक्समध्ये करीम याघमूर यांचे लिनक्स ट्रेस टूलकिट हा आरंभीचा प्रयत्न होता. त्याची जागा पुढे २००५ पासून मॅथ्यू देस्न्वाये यांच्या एलटीटीएनजीने घेतली. ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो व ॲडम लेव्हेंथल यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार केलेले डीट्रेस २००५ च्या सोलारिस १० सोबत आले. चालू स्थितीतील उत्पादन यंत्रणेवरही निर्धास्तपणे ट्रेस घेता येतो हे डीट्रेसने दाखवून दिले. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये स्टीव्हन रॉस्टेड यांचे एफट्रेस २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आणि पर्फ २००९ साली २.६.३१ या आवृत्तीत समाविष्ट झाले.

या इतिहासात भारतातील अभियंत्यांचा वाटा महत्त्वाचा असून त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. चालू कर्नलमधील जवळपास कोणत्याही आज्ञेवर ट्रेसबिंदू रोवण्याची सोय देणारी केप्रोब्स ही यंत्रणा लिनक्सच्या २.६.९ आवृत्तीत २००४ साली आली. तिच्या मूळ फाइलच्या आरंभी २००२ मधील निर्माते म्हणून आयबीएमच्या भारतीय शाखेतील वम्सी कृष्णा एस. यांचे, तर २००४ मधील भर घालणाऱ्यांत प्रसन्ना पंचमुखी व सुपर्णा भट्टाचार्य यांची नावे आहेत. कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्राममध्ये तशीच सोय देणारी यूप्रोब्स २०१२ साली ३.५ आवृत्तीत आली. तिच्या लेखकांत आयबीएमचेच श्रीकर द्रोणमराजू आहेत. आज ईबीपीएफवर आधारलेली अनेक साधने याच दोन यंत्रणांवर उभी आहेत.

घटनेची नोंद

प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात. शीर्षभागात घटनेचा प्रकार, कालमुद्रा, कोर आणि बहुधा प्रोसेस व थ्रेड यांचे क्रमांक असतात. उर्वरित भागात त्या प्रकाराला अनुसरून माहिती असते. लिनक्समधील थ्रेडबदलाच्या नोंदीत जाणाऱ्या थ्रेडचे नाव, क्रमांक, अग्रक्रम व अवस्था आणि येणाऱ्या थ्रेडचे नाव, क्रमांक व अग्रक्रम एवढे तपशील येतात. या नावासाठी १६ बाइटांचीच जागा असते. त्यामुळे लांब नावे कापली जातात आणि एकाच प्रोग्रामचे दोन वेगळे थ्रेड आलेखात सारख्याच नावाने दिसू शकतात.

नोंद लिहिण्याचे काम कर्नलच्या अत्यंत वर्दळीच्या मार्गावर चालते. म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवली जाते. एफट्रेस प्रत्येक नोंदीत पूर्ण वेळ लिहीत नाही. मागील नोंदीनंतर किती नॅनोसेकंद लोटले एवढेच २७ बिटांत लिहितो आणि उरलेल्या ५ बिटांत नोंदीचा प्रकार व लांबी बसवतो, म्हणजे शीर्षभाग अवघ्या ३२ बिटांचा होतो. २७ बिटांत सुमारे ०.१३४ सेकंदाएवढेच अंतर मावते. त्याहून मोठी शांतता आली तर वेळ वाढवणारी एक वेगळी नोंद घातली जाते. वाचणाऱ्या साधनाला पानाच्या आरंभीची पूर्ण वेळ घेऊन पुढे एकेक अंतर मिळवत जावे लागते. मधूनच उडी मारून एखादी नोंद वाचता येत नाही.

बिटांचा अर्थ लावण्यासाठी वर्णनाची गरज असते. एफट्रेस प्रत्येक घटनेच्या रचनेची मजकूर फाइल पुरवतो. एलटीटीएनजीच्या कॉमन ट्रेस फॉरमॅटमध्ये हे वर्णन ट्रेससोबतच साठवले जाते, तर विंडोजमध्ये घटना पुरवणाऱ्या घटकाने नोंदवलेल्या वर्णनावरून टीडीएच नावाचे ग्रंथालय तिचा उलगडा करते. नोंदीत आवृत्ती क्रमांकही असतो. जुन्या आवृत्तीच्या वर्णनाने नवी नोंद वाचली तर त्रुटीचा संदेश येतोच असे नाही. कित्येकदा चुकीची पण संभाव्य वाटणारी संख्या हाती पडते.

बफर आणि हरवलेल्या घटना

घटना थेट डिस्कवर लिहिल्या तर लिहिण्याच्याच घटना निर्माण होत राहतील आणि यंत्रणाही मंदावेल. म्हणून प्रत्येक कोरला स्मृतीत स्वतंत्र बफर दिलेले असते. कोर आपल्याच बफरमध्ये लिहीत असल्याने इतर कोरसाठी कुलूप लावून थांबावे लागत नाही. भरलेले बफर दुसरा एखादा थ्रेड सवडीने रिकामे करतो.

ही रचना धरणांच्या जोडीसारखी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीवर वरच्या अंगाला तोतलाडोह आणि खाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी असे दोन जलाशय आहेत. वरून येणारे पाणी खालचा जलाशय अडवतो आणि तेथून ते कालव्यांना व नागपूर शहराला जाते. कालव्याच्या वहनक्षमतेपेक्षा आवक जास्त झाली तर जलाशय काही काळ तफावत सोसतो. तो काठोकाठ भरल्यावर मात्र दारे उघडावीच लागतात. बफरचेही तसेच आहे. फरक एवढाच की सोडलेले पाणी नदीपात्रातून पुढे जाताना दिसते, सोडलेली घटना कोठेच दिसत नाही.

आवकेचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. समजा, आठ कोरच्या संगणकावर दर सेकंदाला २,००,००० थ्रेडबदल होत आहेत आणि प्रत्येक नोंद ४८ बाइटांची आहे. ही आवक सेकंदाला ९६ लाख बाइट होते. प्रत्येक घटनेसोबत ३० पायऱ्यांचा स्टॅकही घेतला तर त्यात २४० बाइटांची भर पडते आणि आवक सेकंदाला ५ कोटी ७६ लाख बाइटांवर, म्हणजे कोरमागे ७२ लाख बाइटांवर पोहोचते. एफट्रेसचा मूळ बफर दर कोरमागे १,४०८ किलोबाइटांचा असतो. कोणी रिकामा करत नसेल तर तो सुमारे ०.२ सेकंदात भरतो.

भरल्यावर काय करायचे याचे दोन पर्याय असतात. जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या तर शेवटचा काळ शाबूत राहतो. अचानक उद्भवणाऱ्या दोषाच्या शोधात हे सोयीचे असते, कारण दोष दिसताच ट्रेस थांबवून मागे पाहता येते. एफट्रेस मुळात असाच चालतो. नव्या नोंदी टाकून दिल्या तर आरंभ शाबूत राहतो. दोन्ही पर्यायांत किती घटना गेल्या याचा हिशेब ठेवला जातो, पण त्याचा तपशील सारखा नसतो. एफट्रेस ज्या कोरवर आणि ज्या ठिकाणी खंड पडला तेथेच हरवलेल्या घटनांची संख्या दाखवतो. पर्फ प्रवाहातच ‘इतक्या नोंदी गमावल्या’ अशी वेगळी नोंद घालतो. ईटीडब्ल्यूच्या फाइलीत शीर्षभागात हरवलेल्या घटनांची व बफरांची एकूण संख्या असते. ती पाहिल्याशिवाय पुढचे विश्लेषण सुरू करणे धोक्याचे ठरते.

कालक्रम

प्रत्येक कोरचा प्रवाह स्वतंत्रपणे कालक्रमाने लागलेला असतो. विश्लेषणाला मात्र सर्व कोरचा मिळून एकच प्रवाह हवा असतो. प्रत्येक प्रवाहातील पहिली न वाचलेली नोंद घेऊन त्यांतील सर्वांत जुनी उचलायची आणि त्या प्रवाहात एक पाऊल पुढे जायचे, ही या विलीनीकरणाची नेहमीची रीत आहे. फाइल पूर्ण झालेली असेल तर काम सरळ असते.

थेट वाचनात अडचण येते. पहिल्या कोरची नोंद हाती आली तरी तिच्याहून जुनी एखादी नोंद तिसऱ्या कोरच्या बफरमध्ये अजून पडून असू शकते. पर्फने यावर फेऱ्यांचा उपाय केला आहे. सर्व बफर एकदा वाचून झाले की फेरी संपल्याची खूण लिहिली जाते, आणि आधीच्या फेरीत दिसलेल्या सर्वांत नव्या वेळेपर्यंतच्याच नोंदी क्रम लावून पुढे सोडल्या जातात. उरलेल्या थांबून राहतात. अचूकपणासाठी येथे थोडा उशीर पत्करलेला आहे.

घड्याळाची निवडही परिणाम करते. एफट्रेसचे मूळ ‘स्थानिक’ घड्याळ जलद आहे, पण वेगवेगळ्या कोरवर ते तंतोतंत जुळेल याची हमी नाही. एका कोरवर थ्रेड जागा केला आणि दुसऱ्यावर तो चालू लागला, तर चालू लागणे जागे होण्याच्या आधी नोंदले गेले असे दिसू शकते. मग प्रतीक्षाकाळ ऋण येतो. असे ऋण आकडे शून्य धरून पुढे जाणारी साधने आहेत. त्यामुळे सरासरी नीटनेटकी दिसते, पण घड्याळांच्या विसंवादाचा पुरावा पुसला जातो.

अवस्थेची पुनर्रचना

क्रम लागल्यानंतर प्रक्रियणाचा गाभा सुरू होतो. साधन आपल्यापाशी संचालन प्रणालीची एक प्रतिकृती ठेवते. कोणत्या कोरवर कोण चालू आहे, कोणता थ्रेड कशासाठी थांबला आहे, डिस्ककडे कोणत्या मागण्या प्रलंबित आहेत, याची ती एक कोष्टकवही असते. प्रत्येक घटनेसरशी ही कोष्टके बदलली जातात आणि संपलेली अवस्था ‘अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत’ अशी कालखंडाच्या रूपात लिहिली जाते. आलेखातील रंगीत पट्ट्या या कालखंडांच्या असतात. ट्रेस कंपास हे साधन अशा अवस्थांचा इतिहास वृक्षाच्या रूपात डिस्कवर ठेवते, त्यामुळे प्रचंड ट्रेसमधील कोणत्याही क्षणाची स्थिती सुरुवातीपासून न वाचता विचारता येते. परफेटो त्याच माहितीवर एसक्यूएल प्रश्न विचारण्याची सोय देतो. विंडोजच्या ट्रेससाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ट्रेसप्रोसेसर हे ग्रंथालय प्रसिद्ध केले. त्यामुळे विंडोज परफॉर्मन्स ॲनालायझरमध्ये डोळ्यांनी केले जाणारे विश्लेषण प्रोग्राम लिहून करता येऊ लागले.

ट्रेस सुरू होतो तेव्हा प्रणाली आधीपासूनच चालू असते, त्यामुळे आरंभीची अवस्था अज्ञात असते. ही उणीव भरण्यासाठी विंडोज त्या वेळी अस्तित्वात असलेल्या प्रोसेस, थ्रेड व स्मृतीत चढवलेल्या फाइली यांची यादी घटनांच्याच रूपात लिहिते. पर्फ ती माहिती प्रोक या फाइल व्यवस्थेतून गोळा करून कृत्रिम नोंदी तयार करतो.

ओळख पटवण्यातही चकवे आहेत. प्रोसेस संपली की तिचा क्रमांक पुढे दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो. म्हणून नुसता क्रमांक ही ओळख पुरत नाही, त्याला जन्मवेळेची जोड द्यावी लागते. लिनक्समध्ये रिकाम्या कोरवर चालणाऱ्या थ्रेडचा क्रमांक सर्वच कोरवर शून्य असतो. तो एकच थ्रेड समजला तर एकाच वेळी आठ ठिकाणी चालणारा थ्रेड आलेखात अवतरतो.

हरवलेल्या घटनेचा खरा परिणाम या टप्प्यावर दिसतो. कोर क्रमांक २ वर क थ्रेड १०.००० व्या सेकंदाला आला आणि १०.०२० व्या सेकंदाला बाजूला होऊन कोर रिकामा झाला, असे समजू. ही दुसरी घटना हरवली. पुढची घटना १०.५०० व्या सेकंदाची असून तीत रिकामा थ्रेड गेला आणि ख आला असे लिहिले आहे. केवळ ‘कोण आला’ एवढेच वाचणारे साधन क हा ५०० मिलिसेकंद चालल्याचे सांगेल. प्रत्यक्षात तो २० मिलिसेकंदच चालला होता, म्हणजे चूक पंचवीस पटींची झाली. अशा आकड्यावर विसंबून निर्दोष प्रोग्राम दुरुस्तीला घेतला जातो.

सुदैवाने नोंदीत द्विरुक्ती असते. थ्रेडबदलाची घटना जाणारा आणि येणारा या दोघांचीही नावे सांगते. साधनाच्या कोष्टकात कोर २ वर क आहे आणि घटना म्हणते की जाणारा थ्रेड रिकामा होता. हा विसंगतीचा क्षण पकडून मधला काळ ‘अज्ञात’ असा नोंदवणे हे चांगल्या प्रक्रियणाचे लक्षण मानावे लागेल. आलेखातील कोरी जागा पाहणाऱ्याला खटकते, परंतु ती खरी असते.

प्रतीक्षेची साखळी

एका काल्पनिक उदाहरणावरून या सर्वांचा उपयोग स्पष्ट होईल. समजा, पारशिवनीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दाखले काढून देणाऱ्या एका केंद्रातील चार कोरच्या विंडोज संगणकावर छपाईचा आदेश दिला की पडदा चार सेकंद गोठतो. रांगेतील प्रत्येकामागे तेवढा वेळ जातो. संगणक जुना झाला, नवा घ्यावा, असा निष्कर्ष सहज निघू शकतो. प्रोसेसरचा वापर पाहावा तर तो नगण्य असतो. नमुना पद्धतीने या चार सेकंदांत सुमारे १६,००० नमुने मिळतील, पण पडदा रंगवणारा थ्रेड त्यांत पाच-सहाच ठिकाणी सापडेल, कारण तो चाललेलाच नसतो.

थ्रेडबदलाच्या घटना मात्र सांगतात की हा थ्रेड १२.३०४ व्या सेकंदाला बाजूला झाला आणि १६.२९१ व्या सेकंदाला परतला. म्हणजे ३.९८७ सेकंद तो नव्हता. विंडोजमध्ये थ्रेड चालण्यास सज्ज झाल्याची स्वतंत्र घटना असते आणि तो कोणी सज्ज केला हे तीत कळते. येथे तो १६.२९० व्या सेकंदाला छपाई सेवेच्या एका थ्रेडने सज्ज केला. सज्ज होणे आणि चालू होणे यांत १ मिलिसेकंदच गेला, म्हणजे प्रोसेसर मिळण्यास उशीर झालेला नाही, संगणक अपुरा नाही. आता तोच प्रश्न छपाई सेवेच्या थ्रेडला विचारायचा. तो १२.३०७ पासून १६.२८८ पर्यंत थांबलेला होता आणि वेळमर्यादा संपल्यामुळे जागा झाला होता. थांबण्यापूर्वीच्या त्याच्या स्टॅकमध्ये जाळ्यावरील छपाईयंत्राशी जोडणी करण्याची फलने दिसतात. पूर्वी वापरात असलेल्या आणि आता बंद पडलेल्या यंत्राचा पत्ता यादीत राहून गेलेला आहे आणि दर वेळी सेवा आधी तेथे विचारणा करते. ती नोंद काढून टाकणे एवढाच उपाय आहे.

साखळीतील प्रत्येक दुव्यावर एक सावधगिरी घ्यावी लागते. जागे करण्याची घटना इंटरप्टच्या हाताळणीत घडली असेल, तर तिच्या शीर्षभागात त्या क्षणी कोरवर योगायोगाने जो थ्रेड होता त्याचे नाव येते. त्याचा प्रत्यक्ष कारणाशी काहीही संबंध नसतो. वरील उदाहरणात वेळमर्यादा संपली तेव्हा एखादा विषाणूरोधक प्रोग्राम चालू असता, तर निष्काळजी साधनाने साखळी त्याच्याकडे वळवली असती. म्हणून घटना इंटरप्टच्या संदर्भात घडली काय, हे आधी तपासले जाते.

स्टॅक आणि नावे

घटनेसोबत नोंदलेला स्टॅक म्हणजे केवळ स्मृतीतील पत्त्यांची माळ असते. पत्त्याचे फलनाच्या नावात रूपांतर करण्यासाठी त्या क्षणी त्या प्रोसेसमध्ये कोणती फाइल कोणत्या पत्त्यावर चढवलेली होती हे ठाऊक असावे लागते आणि त्याच बांधणीची सिम्बॉल फाइल लागते. चालताना तयार होणाऱ्या जावा वा जावास्क्रिप्टच्या आज्ञांसाठी अशी फाइलच नसते, तेथे वेगळी सोय करावी लागते. नावे मिळाल्यावर हजारो स्टॅक एकत्र रचून दाखवण्यासाठी ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये मांडलेला फ्लेम ग्राफ आज सर्वत्र वापरला जातो. त्यातील आडवी दिशा वेळेचा क्रम दाखवत नाही, केवळ प्रमाण दाखवते. नवशिक्या वाचकाचा येथे हमखास गैरसमज होतो.

कर्नलमध्येच सारांश

सर्व घटना बाहेर आणून मग हिशेब करण्याऐवजी कर्नलमध्येच हिशेब करून केवळ बेरजा बाहेर आणण्याचा मार्ग डीट्रेसने रूढ केला. लिनक्समध्ये तेच काम ईबीपीएफ करते. डिस्कच्या प्रत्येक मागणीची सुरुवात कोष्टकात ठेवायची, शेवट झाला की वजाबाकी करून योग्य रकान्यात एकाची भर घालायची. अशा रीतीने दिवसभराची विदा काही डझन संख्यांत मावते. बफर भरण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. त्याची किंमत अशी की एकदा बेरीज झाली की तिच्यातील एखादी विलक्षण संथ मागणी कोणाची होती, त्या वेळी आणखी काय चालले होते, हे विचारता येत नाही. प्रश्न आधीच नेमका ठाऊक असेल तेथे सारांश आणि प्रश्नच शोधायचा असेल तेथे पूर्ण ट्रेस, अशी विभागणी व्यवहारात आढळते.

महासंगणकांतील गोंगाट

समांतर महासंगणकांत या विश्लेषणाला वेगळे महत्त्व आहे. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम मालिकेसारख्या यंत्रणांत एकच गणित अनेक संगणकांवर वाटलेले असते आणि प्रत्येक टप्प्याअखेर पुष्कळदा सर्वांना एकमेकांसाठी थांबावे लागते. त्यामुळे एका संगणकावर संचालन प्रणालीचे किरकोळ काम आडवे आले तरी सर्वांचा वेळ जातो. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू या ८,१९२ प्रोसेसरांच्या महासंगणकावर हा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला. त्यावर एसएजीई हे गणित अपेक्षेपेक्षा फार संथ चालत होते. फॅब्रिझिओ पेत्रिनी, डॅरेन कर्बिसन व स्कॉट पेकिन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोष गणितात वा जाळ्यात नसून प्रत्येक संगणकावर अधूनमधून जागे होणाऱ्या पार्श्वभूमीतील सेवांत आढळला. त्या सेवा कमी करून आणि हलवून, यंत्रसामग्री न बदलता, गणिताचा वेग सुमारे दुप्पट झाला. अशा व्यत्ययांचे थेट मोजमाप करणारा ओएसनॉइज हा ट्रेसर डॅनियल ब्रिस्तो दे ऑलिव्हेरा यांनी लिहिला आणि तो २०२१ साली लिनक्सच्या ५.१४ आवृत्तीत आला. तो एकाच वेळी गमावलेला काळही मोजतो आणि तो इंटरप्टमुळे गेला की दुसऱ्या थ्रेडमुळे, हेही ट्रेस घटनांवरून सांगतो.

गोपनीयता

ट्रेसमध्ये फाइलींचे मजकूर सहसा नसतात, परंतु त्यांची पूर्ण नावे, प्रोग्राम सुरू करताना दिलेल्या आज्ञा आणि जाळ्यावरील पत्ते असतात. आज्ञेच्या ओळीत परवलीचा शब्द लिहिण्याची सवय असलेल्या ठिकाणी तोही ट्रेसमध्ये उतरतो. अर्जदाराच्या नावाने फाइल साठवणाऱ्या कार्यालयाचा ट्रेस बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवला तर अर्जदारांची यादीच त्याच्या हाती जाते. नंतर नावे पुसता येतात, मात्र तेच नाव फाइल उघडण्याच्या, स्मृतीत चढवण्याच्या आणि प्रोसेस सुरू होण्याच्या निरनिराळ्या घटनांत विखुरलेले असते. सर्व ठिकाणी एकाच नावाऐवजी एकच खूण घातली गेली नाही, तर घटना एकमेकींशी जुळत नाहीत आणि ट्रेस विश्लेषणासाठी निरुपयोगी होतो.